जुनं दाखवा, नवं न्या

“तूच आणलास हा आजार घरात! ह्या घरातलं दुसरं कोण फिरतं बाहेर?”

आतल्या खोलीच्या बंद दारामागून सासरे ओरडत होते. मध्येच खोकल्याची उबळ आली, ती ओसरली, आणि वाक्य पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू झालं. अर्धवट काही सोडायचं नाही, असा त्यांचा स्वभावच होता.

“तुम्ही काय घरात बसून होतात?” सून बाहेरच्या दारात उभी होती, एक पाय आत, एक पायरीवर. “पालिकेचं भांडार आपल्या स्वयंपाकघरात आहे का?”

“मी खुर्चीवर बसतो! टेबलामागे! तू बोळाबोळांतून औषध फवारत हिंडतेस, लोकांची गटारं हुंगत!”

“हुंगते, कारण नाकाला बांधायला तुम्ही काही देत नाही.”

“ए, बाबांशी नीट बोल,” नवरा म्हणाला. तो कोचावर आडवा होता. बायकोला वळण लावण्यासाठी मोबाइलवरून नजर काढायची त्याला गरज वाटली नाही.

“तू गप रे,” त्याची आई म्हणाली, आणि मग सुनेकडे वळली. “अगं, आत ये नाहीतर बाहेर जा. दारात उभी राहून शेजाऱ्यांची करमणूक करू नकोस.”

“आत कशी येऊ? सकाळी तुम्हीच म्हणालात, घरात पाऊल टाकू नकोस.”

“म्हणाले होते. आता म्हणते, ये. ह्यांचं कोण करणार?”

प्रकार असा होता. त्या सकाळी दोघांच्याही तपासणीचे निकाल आले होते. सासऱ्यांना साथीची लागण झाली होती, सुनेला झाली नव्हती. घरातल्या बाकीच्या दोघांची तपासणी दुसऱ्या दिवशी व्हायची होती. पालिकेच्या डॉक्टरबाईंनी साथ सुरू झाल्यापासून एक व्यवस्था लावली होती: ज्या कामगाराच्या घरात कुणी आजारी पडेल त्याला कामावरून काढायचं नाही आणि घरीही ठेवायचं नाही. शाळा बंदच होत्या. त्यांतल्या एका शाळेत त्याला वेगळी खोली, हजेरी चालू, पुन्हा तपासणी, आणि धोका टळला की परत कामावर. सून फवारणीच्या पथकात रोजंदारीवर होती. साथीत टिकून काम करणाऱ्यांना पालिका कायम करणार होती, जे बसतील त्यांचं नाव कटणार होतं. तिला शाळेत न्यायला दुपारच्या चहाच्या सुमारास गाडी येणार होती.

आणि घरात असं ठरलं होतं की तिने त्या गाडीत बसायचं नाही. फोन करून नोकरी सोडल्याचं कळवायचं, आणि सासऱ्यांच्या खोलीत जाऊन त्यांचं पथ्यपाणी बघायचं. आजार तिने आणला असं ज्यांचं म्हणणं होतं, त्यांचंच हेही म्हणणं होतं. ह्या दोन गोष्टी एका तोंडातून निघू नयेत असं तिथे कुणालाच वाटत नव्हतं.

सासरे पालिकेत भांडारपाल होते. कामगार त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठ वळली की कुलूपराव. आपणही कुलूपरावच म्हणू. ते नाव त्यांनी स्वतःच्या कर्तृत्वावर मिळवलं होतं, नोकरी मात्र मामांनी चिकटवली होती.

आधी त्यांना जन्म-मृत्यूच्या खिडकीवर बसवलं होतं. तिथे बाप गेलेल्या माणसाला ते “रांगेत या” असं म्हणाले आणि त्या माणसाने खिडकीतून हात घालून त्यांची गचांडी धरली. मग पाणी विभागात गेले. तिथे नळ दुरुस्त करणाऱ्यांचा चहा ते मोजू लागले, तेव्हा त्या लोकांनी मिळून त्यांना बाहेर काढवलं. शेवटी कुणीतरी डोकं चालवून त्यांना भांडारात पाठवलं. तिथे माणसं कमी आणि सामान जास्त होतं, आणि सामान उलट बोलत नाही.

सुरुवातीलाच काही झाडू गायब झाले. वरच्या साहेबांनी सगळ्यांसमोर कुलूपरावांची हजेरी घेतली. दुसऱ्या एखाद्याने ही गोष्ट पगाराच्या दिवशी विसरून टाकली असती. कुलूपरावांनी तिच्यावर उभा जन्म रचला. त्या दिवसापासून भांडाराच्या खिडकीवर एकच नियम लागू झाला: जुनं दाखवा, नवं न्या.

झाडू झिजला की त्याचा खुंट आणून द्यायचा. कुलूपराव खुंटाला वीत लावून बघत. वितीएवढा उरला असेल तर परत पाठवत, “अजून आठवडाभर चालेल, हात जरा हलका ठेव.” गमबूट फाटला की तो खिडकीवर ठेवायचा. कुलूपराव त्यात तांब्याने पाणी ओतत आणि कुठून गळतं ते बघत बसत. पाणी थेंबथेंब आलं तर, “ही गळती नाही, हा पाझर आहे.” तोपर्यंत गटार साफ करणारा माणूस एका पायात बूट आणि एक पाय अनवाणी असा बगळ्यासारखा उभा. रेनकोट पावसाळा संपता संपता मिळत, कारण पाऊस पुरता पडल्याशिवाय जुना रेनकोट किती फाटला हे कसं कळणार?

ह्याला ते शिस्त म्हणत. वरचे लोकही शिस्तच म्हणत, कारण तपासणीला कधीही या, फळ्या भरलेल्या. एका वर्षी त्यांना प्रशस्तिपत्रक मिळालं: ह्यांच्या कारकिर्दीत भांडारात कधी काही कमी पडलं नाही. कसं पडेल? बाहेर जात होतं कुठे? ते प्रशस्तिपत्रक त्यांनी चौकटीत घालून कोचाच्या वरती लावलं होतं. काच अर्थातच जुन्या तसबिरीची.

घरातही हाच कारभार. बायकोला नवी कढई हवी असेल तर जुनीला आरपार भोक दाखवावं लागे. दात घासायची पेस्ट संपली की नळी कात्रीने उभी चिरून आतून निपटून झाल्यावर तिचं मढं त्यांना दाखवायचं, मग कपाटातून नवी. पाहुण्यांसाठी घेतलेले कप कपाटात वरच्या फळीवर होते. एकाही पाहुण्याचे ओठ त्यांना लागले नव्हते, कारण पाहुण्यांना जुने कप फुटेपर्यंत जुन्यातच चहा मिळायचा होता, आणि बायको जपून वापरणारी निघाली. साबणाची तर कहाणीच वेगळी. अंगाचा, कपड्यांचा, भांड्यांचा, पाहुण्याने मागे विसरलेला, असल्या सगळ्या साबणांच्या चिपट्या एका डब्यात जमवायच्या, गरम पाण्यात भिजवायच्या आणि मुठीत दाबून त्यांचा गोळा करायचा. त्या गोळ्याला गुलाब, लिंबू आणि सोडा ह्यांचा मिळून एक आंबूस वास येई. लग्न होऊन आली तेव्हा सुनेला त्या वासाने पहिले काही दिवस जेवण गेलं नव्हतं.

मुलगा ह्या संसारात वाढला आणि बापाकडून एवढंच शिकला की काहीही न करता बसून राहिलं तर झीज होत नाही. तो कापडाच्या दुकानात विक्रेता होता. साथीत दुकान बंद झालं आणि तो कोचावर आला. त्याच्याकडे आता काम नव्हतं, पण प्रत्येक गोष्टीवर मत होतं. त्यातलं सगळ्यात आवडतं मत असं की बायकांनी असल्या दिवसांत बाहेर पडू नये. घर बायकोच्या रोजंदारीवर चाललं होतं. ती रोज सकाळी बाहेर पडे तेव्हा तो झोपलेला असल्यामुळे हे मत तिला दुपारी ऐकावं लागे.

साथ आली तशी पालिकेकडे गाड्या भरभरून माल आला. मास्क, हातमोजे, चष्मे, अंगभर घालायचे पांढरे डगले. कुलूपरावांनी तो छतापर्यंत रचून घेतला. त्या दिवसांत ते घरी येत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर नव्या नवरदेवाचं तेज असे. बाहेर रुग्णवाहिका ओरडत फिरत होत्या, आणि हा गृहस्थ जेवताना बायकोला सांगायचा, “आजवर इतका माल कधी नव्हता आला. बघायला पाहिजेस तू.”

डॉक्टरबाईंनी लेखी कळवलं की रोज प्रत्येक कामगाराला नवे मास्क आणि हातमोजे द्यावेत, आणि वापरलेले झाकणाच्या पिंपात टाकून जाळावेत. कुलूपरावांनी ते नीट वाचलं आणि आपल्याला हवं ते त्यातून काढून घेतलं. रोज नवं द्यायचं, म्हणजे रोज जुनं बघायला हवं. पिंप त्यांनी भांडारात, आपल्या टेबलाशेजारीच ठेवून घेतलं. कामगारांनी वापरलेलं आणून त्यांच्या देखत त्यात टाकायचं, मग नवं. आणि जे नव्यानेच लागले, ज्यांच्याकडे जुनं नव्हतंच, त्यांचं काय?

“जुनं नाही, तर नवं कशाच्या बदल्यात देऊ?” कुलूपराव विचारत.

हा प्रश्न ते मनापासून विचारत, हीच तर आफत. फवारणीच्या पथकातल्या बायका ओढण्या आणि रुमाल बांधून जात होत्या. एकीने नवऱ्याचे घर रंगवायचे हातमोजे आणून जमा केले, एकीने गरम पाण्याच्या रबरी पिशवीची मान कापून आणली आणि “हा अंगठा” म्हणून दाखवली. कुलूपरावांनी तो अंगठा उलटसुलट करून बघितला आणि बाकीची बोटं मागितली.

“साहेब, आणीबाणी आहे हो,” पथकाचा मुकादम हात जोडून म्हणाला.

“म्हणूनच राखून ठेवतोय. उद्या खरोखरीची वेळ आली तर?”

बाहेर शहरात माणसं मरत होती, आणि कुलूपराव खरोखरीच्या वेळेची वाट बघत होते. स्वतः मात्र टेबलामागे दोन मास्क एकावर एक चढवून बसत. भांडारपालाला काही झालं तर भांडार कोण बघणार?

“माझं कोण करणार?” दारामागून आवाज आला. तोच विचार, फक्त खोली बदललेली.

“बघ,” नवरा सुनेला म्हणाला. “ऐक. माणुसकी म्हणून तरी.”

“तुम्ही करा ना. तुमचेच वडील आहेत.”

“मला लागण झाली म्हणजे?”

“आणि मला झाली म्हणजे?”

“तुला सवय आहे,” तो म्हणाला. तो खरंच तसं म्हणाला, आणि पाठीखालची उशी सारखी केली.

सुनेने त्याच्याकडे नुसतं बघितलं. भिंतीवरच्या पालीकडेही माणूस जरा जास्त आपुलकीने बघतो.

“नोकरी सोडून तू काही उपाशी मरणार नाहीस,” सासूबाई मध्ये पडल्या. त्यांचा आवाज मऊ होता. गेले काही दिवस त्या सुनेला मागच्या दाराने घेत होत्या, बाहेरच्या नळावर अंघोळ करायला लावत होत्या, तिचं ताट-वाटी वेगळ्या फळीवर ठेवत होत्या. त्यांचा स्वतःचा नवरा मात्र संध्याकाळी पुढच्या दाराने येई, पाय धुऊन सरळ ताटावर बसे. “असं बघ, नोकऱ्या छप्पन्न मिळतील.”

“मिळतील? तुमच्या लेकाला सांगा, एक आणून दाखवायला.”

“तोंड आवर!” दारामागे खाट करकरली. “तुझ्या पथकाला परवा मीच दिला माल! नवे मास्क, नवे हातमोजे. ह्या हातांनी! आणि वर तोंड करून म्हणतेस नाकाला बांधायला काही देत नाही?”

सून हसली. तिच्या हसण्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

“नवे? बाबा, त्याला आपल्या गोळ्याचा वास येत होता.”

दारामागून खोकला जोरात सुरू झाला.

“कसला वास?” सासूबाईंनी विचारलं.

“आपल्या साबणाच्या गोळ्याचा. तुम्ही मुठीत दाबून करता त्या. मी म्हटलं, मलाच भास होतोय, घरातला वास नाकात बसलाय म्हणून. तर पथकातली शेजारची म्हणाली, ह्याला शिळ्या गुलाबाचा वास कसला गं येतोय? सगळ्यांच्या मोज्यांना तोच. मास्कलाही तोच. मी मुकादमाला सांगितलं. त्याने डॉक्टरबाईंना सांगितलं. म्हणून तर काल त्यांनी पिंप उघडून बघितलं. अर्धं रिकामं होतं. टाकलेलं गेलं कुठे?”

सासूबाई स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी हात पदराला पुसले, मग पुसलेले हात उलटे करून बघितले.

मागल्या आठवड्यापासून त्यांचा नवरा रोज संध्याकाळी कापडी पिशवी भरून आणत होता. कारखान्यातून आलेल्या मालाला भुकटी लागलेली आहे, धुऊन दे, असं म्हणाला होता. त्यांनी धुऊन दिला. गोळ्याने चोळून चोळून. हातमोजे बोटांत फुंकर घालून फुगवले आणि मागच्या दोरीवर वाळत घातले. सून यायच्या आत काढून, घडी करून पिशवीत भरले. काही मास्कच्या कानाच्या दोऱ्या तुटलेल्या होत्या, त्यांना गाठी मारल्या. एकाच्या आतल्या बाजूला ओठांच्या लालीचा डाग होता. त्यांनी विचारलं होतं, तर म्हणाला, कारखान्यातला शिक्का असेल. आणि त्यांनी तो शिक्का नखाने खरवडून काढला होता. बोटं फुगवताना तोंड लावलं होतं.

“अहो,” त्या दाराकडे बघून म्हणाल्या. “मी धुतलं ते काय होतं?”

“माल होता.”

“कुणाचा?”

“पालिकेचा.”

“पालिकेतल्या कुणाच्या तोंडावरचा?”

मग कुलूपराव समजुतीच्या सुरात बोलू लागले, लहान मुलाला हिशेब समजवावा तसे. “हे बघ, चांगलं कापड होतं. एकेक वेळ वापरून फेकायचं म्हणजे काय? मी निवडून निवडून आणत होतो. घाण होतं ते पिंपातच ठेवलं. भांडारातला नवा माल तसाच्या तसा आहे, एका खोक्याची पट्टी निघालेली नाही. उद्या खरी वेळ आली तर हेच लोक मला दुवा देतील.”

“निवडत होतात,” सासूबाई म्हणाल्या. “हातांनी?”

“मग काय पायांनी?”

“हातमोजे घालून?”

स्वतःसाठी हातमोजे घ्यायचे तर मास्कसारखेच आधी जुने दाखवावे लागले असते, आणि कुलूपराव नियमाचे पक्के होते.

“आई, तूपण ना,” कोचावरून मुलगा म्हणाला. तो आता उठून बसला होता आणि आईपासून जितकं लांब सरकता येईल तितका सरकला होता. “धुताना बघायचं नाही का जरा? आता मलाही होणार. आणि मग जेवणाचं काय? तुझ्या हातचं खायचं का नाही आता?”

त्याच्या आईने त्याच्याकडे बघितलं. पुष्कळ वर्षांत एवढं नीट बघितलं नसावं.

तेवढ्यात सुनेचा फोन वाजला. मुकादम होता. तो इतक्या मोठ्याने बोलत होता की सगळ्यांना ऐकू गेलं. गाडी निघाली होती. येताना भांडाराच्या किल्ल्या घेऊन ये, असा डॉक्टरबाईंचा निरोप होता. पथकाला उद्या बाजाराच्या भागात जायचं होतं आणि नव्या साधनांशिवाय एकालाही पाठवणार नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. साहेब किल्ल्या देत नसतील तर पंचांसमोर कुलूप फोडू.

“कुलूप फोडायचं नाही!” दार आतून धडधडलं. इतका वेळ ताप होता म्हणून झोपून असलेला माणूस ह्या एका शब्दासरशी उभा राहिला होता. “कुलूप चांगलं आहे! मी बरा होऊन येईन, मग वाटप होईल. तोवर भांडार बंद. सांग त्यांना. आणि तुझं काय ते आत्ताच सांगून टाक, नोकरी सोडली म्हणून!”

“तोवर पथकाने काय करायचं, बाबा?”

“रुमाल आहेत ना त्यांच्याकडे?”

सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी आतल्या खोलीची कडी काढली.

“आई, काय करतेस?” मुलगा किंचाळला.

“अगं, बाहेर हो, बाहेर हो! लागण होईल!” कुलूपराव ओरडले.

“आता आठवलं?” एवढंच त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

आतून खाटेचा करकराट ऐकू आला, मग कुलूपरावांचं बोलणं. आधी हुकूम, मग समजूत, मग गयावया. “अगं, माझी इतक्या वर्षांची... अगं, एका खोक्याला हात नाही लागलेला... अगं, ते लोक उधळतील सगळं...” खुंटीवरच्या विजारीच्या खिशातून जुडगा निघाल्याचा खणखणाट तेवढा झाला.

त्या बाहेर आल्या, दार लोटून घेतलं. जुडगा त्यांनी मोरीत नेऊन धुतला. गोळ्याला हात न लावता कपाट उघडून कागदात गुंडाळलेली नवी वडी काढली, कागद टरकन फाडला, आणि एकेक किल्ली चोळून धुतली. मग जुडगा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उंबऱ्यावर ठेवला आणि मागे सरकल्या.

सुनेने पिशवी उचलली. तिची कपड्यांची पिशवी सकाळपासून पायरीवर भरून तयारच होती.

“तुझं ताट मी वेगळं ठेवलं होतं,” सासूबाई म्हणाल्या.

“हो.”

“आणि ह्यांचं आपल्यात.”

सुनेने कपड्यांची पिशवी खांद्याला लावली. ते खोडून काढावं असं तिला वाटलं नसावं. वाटायचं काही कारणही नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी गाडीचा हॉर्न वाजला. आतून कुलूपरावांचा खोकला आणि खोकल्याच्या मधून “पंचनामा करा म्हणावं, मोजून घ्या म्हणावं” असं काहीतरी ऐकू येत होतं. मुलगा नाकाशी शर्टाची कॉलर धरून उभा होता.

“म्हणजे ही चालली?” तो म्हणाला. “असं कसं? ठरलं होतं ना आपलं? मग घरातलं कोण करणार?”

सासूबाईंनी कडीवर हात ठेवला आणि आत-बाहेर दोन्हीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं:

“ती शाळेत राहायला जाते आहे आणि तिची नोकरी सुटणार नाही. किल्ल्या तिच्याबरोबर जातील. ह्यांच्या खोलीत मी राहणार आहे. स्वयंपाक आणि भांडी आजपासून तू करायचीस.”